कोऱ्या नावाची राखण

बाळाने मान धरायच्या आधीच सरकारदरबारी त्याच्या नावाची नोंद झालेली असते. अमेरिकेत जन्मदाखल्याचा फॉर्म भरतानाच आईवडिलांना विचारलं जातं, बाळासाठी सोशल सिक्युरिटी नंबर हवा आहे का? बहुतेक जण हो म्हणतात आणि काही आठवड्यांत नऊ आकड्यांचं कार्ड घरी येतं. बाळ अजून कुशीवर वळायलाही शिकलेलं नसतं. पुढची सोळा-अठरा वर्षं त्या नंबराशी त्या मुलाचा संबंध येत नाही. त्याला कर्ज घ्यायचं नसतं, नोकरी धरायची नसते, घर भाड्याने घ्यायचं नसतं. पालक कार्ड फाइलीत ठेवतात आणि रोजच्या धावपळीत ते विसरलं जातं. मुलांची ओळख चोरून त्यांच्या नंबरावर कर्ज काढणाऱ्या चोराला नेमकं हेच विसरणं हवं असतं.

मोठ्या माणसाच्या कार्डावर कुणी खरेदी केली तर महिन्याच्या हिशेबात ती दिसते, बँकेचा मेसेज येतो, कर्ज नाकारलं जातं. काही ना काही खटकतं आणि माणूस शोध घेतो. लहान मुलाच्या नावावर असं काही घडलं तर खटकायला कुणी नसतं. पाच वर्षांच्या मुलाचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं आणि त्यांची फेड यांची नोंद, कोण मागवून बघतो? तो नसणार हे आपण गृहीतच धरलेलं असतं. म्हणून कोरं नाव चोराला वापरलेल्या नावापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. त्यावर जुनी थकबाकी नसते आणि पुढची पंधरा वर्षं कुणी विचारायलाही येत नाही.

या विषयात मी शिरले ते मुलीचे फॉर्म भरता भरता. शाळा, दवाखाना, पोहण्याचा वर्ग, सुट्टीतलं शिबिर, प्रत्येक ठिकाणी तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि कुठला तरी ओळख क्रमांक. भरता भरता मनात आलं की माझ्या मुलीबद्दल इतकं सगळं एवढ्या लोकांना माहीत आहे आणि तिला स्वतःला त्यातलं काहीच माहीत नाही. तेव्हापासून जे सापडेल ते वाचत गेले. वाचताना बऱ्याचदा राग आला. चोरांचा आला, पण त्याहून जास्त आला तो ज्यांनी दार उघडं ठेवलं त्यांचा.

मला आधी हेच कळत नव्हतं की लहान मुलाच्या नावावर कर्ज मिळतंच कसं. जन्मतारीख बघितली की संपलं ना? तसं होत नाही. चोर मुलाचं नाव क्वचितच वापरतो. तो मुलाचा नंबर घेतो, त्याला एखादं दुसरं नाव जोडतो, तिशीतल्या माणसाची जन्मतारीख लावतो आणि स्वतःचा पत्ता देतो. या चार तुकड्यांतून जो माणूस तयार होतो तो जगात कुठेही नसतो. हा माणूस कर्जाचा अर्ज करतो. कर्ज देणारी कंपनी क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, चौकशी करते. तिथून उत्तर येतं, आमच्याकडे या माणसाची नोंद नाही. अर्ज फेटाळला जातो. मात्र त्या चौकशीमुळेच ब्युरोत त्याच्या नावाची नवी फाइल उघडू शकते. पुढच्या खेपेला दुसरी कंपनी विचारते तेव्हा उत्तर येतं, हो, आहे. मग एखादं छोट्या मर्यादेचं कार्ड मिळतं. चोर दोन-तीन वर्षं त्याचे पैसे वेळच्या वेळी भरतो, पत वाढवत नेतो आणि एक दिवस जेवढं उचलता येईल तेवढं उचलून नाहीसा होतो. मागे उरतो तो नंबर. तो एका मुलाचा असतो, आणि ते मूल त्या वेळी कदाचित दुसरीत असतं.

हा नंबर मुळात ओळख पटवण्यासाठी काढलेलाच नव्हता. १९३६ मध्ये तो सुरू झाला तो कामगारांच्या कमाईची आणि पेन्शनची नोंद ठेवण्यासाठी. १९४६ पासून १९७२ पर्यंत निघालेल्या कार्डांवर तसं छापलेलंही असे, की हे कार्ड ओळखपत्र नाही. तरी ज्याने त्याने ते ओळखपत्रासारखंच वापरलं. १९३८ सालची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. न्यूयॉर्क राज्यातल्या एका पाकिटं बनवणाऱ्या कंपनीने, पाकिटात कार्ड कसं बसतं हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून, नमुन्याचं कार्ड आत घातलं. त्यावर नंबर छापला तो कंपनीतल्या एका सेक्रेटरीचा, खराखुरा. पाकिटं देशभर विकली गेली. कित्येकांना वाटलं, हा आपलाच नंबर. १९४३ साली ५,७५५ लोक तो वापरत होते आणि वर्षानुवर्षांत हा आकडा ४०,००० च्या वर गेला. शेवटी सरकारने तो नंबर रद्द केला आणि त्या बाईंना नवा दिला. यांतल्या बहुतेकांच्या मनात काही वाईट नव्हतं. तरीही ज्या बाईंचा काहीच दोष नव्हता त्यांनाच आपला नंबर सोडावा लागला. इतक्या वर्षांनंतरही निस्तरण्याचं काम ज्याचं नाव वापरलं गेलं त्याच्याच गळ्यात पडतं.

मुलांना नंबर देण्यामागचा इतिहासही असाच आहे. १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेत बहुतेक लोक नोकरीला लागतानाच नंबर घेत. पण आयकर भरताना मुलामागे सवलत मिळे आणि कागदावर मूल दाखवायला पुरावा लागत नसे. १९८६ च्या करसुधारणा कायद्याने पाच वर्षांवरच्या प्रत्येक अवलंबिताचा नंबर लिहिणं सक्तीचं केलं. पुढच्या वर्षीच्या करपत्रांतून सुमारे ७० लाख अवलंबित एकाएकी नाहीसे झाले. त्यांतली सगळीच खोटी असतील असं नाही, काहींचा नंबर काढायचा राहूनही गेला असेल. पण मुलाला नंबर आला तो मोठ्यांनी मुलांच्या नावाने केलेली लबाडी थांबवायला, हे विसरता येत नाही. आज त्याच नंबरामुळे मोठ्यांना मुलांच्या नावाने लबाडी करता येते.

त्यात आणखी एक कच्चा दुवा होता. नंबराचे पहिले तीन आकडे राज्यावरून ठरत आणि बाकीचे ठरावीक क्रमाने वाढत जात. जन्मतःच नंबर मिळू लागल्यावर जन्मस्थळ आणि जन्मतारीख यांवरून नंबराचा अंदाज बांधणं सोपं झालं. कार्नेगी मेलन विद्यापीठातले अलेस्सांद्रो अक्विस्ती आणि राल्फ ग्रॉस यांनी २००९ साली हे शोधनिबंधातून दाखवून दिलं. २५ जून २०११ पासून नंबर यादृच्छिक पद्धतीने दिले जाऊ लागले. त्याआधी जन्मलेली मुलं जुन्याच पद्धतीचे नंबर घेऊन मोठी झाली.

त्याच विद्यापीठातून २०११ मध्ये मुलांच्या ओळखचोरीवर एक अहवाल निघाला. ४२,२३२ मुलांचे नंबर तपासले, तेव्हा १०.२ टक्के नंबर दुसरं कुणी तरी वापरत असल्याचं दिसलं. सर्वांत लहान बाळ पाच महिन्यांचं होतं. एका सोळा वर्षांच्या मुलीच्या नंबरावर ७,२५,००० डॉलरचं कर्ज निघालं. हे आकडे ऐकले की अंगावर काटा येतो, पण एक गोष्ट सांगायला हवी. ही मुलं रस्त्यावरून सरसकट निवडलेली नव्हती, ओळख-संरक्षणाची सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या यादीतली होती. त्यामुळे दहातलं एक मूल असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. घाबरवण्यासाठी हा आकडा फेकणाऱ्या जाहिराती मी पाहिल्या आहेत आणि त्या मला पटत नाहीत. पाच महिन्यांचं ते बाळ मात्र खरं आहे, आणि मला तेवढंच पुरेसं आहे.

माझी झोप उडवली ती दुसऱ्या एका आकड्याने. जॅव्हेलिन या संशोधन कंपनीने २०१८ साली २०१७ चा हिशेब मांडला. अमेरिकेत दहा लाखांहून जास्त मुलं ओळखचोरीला बळी पडली होती, आणि त्यांतल्या साठ टक्के मुलांच्या ओळखीतलाच माणूस चोर निघाला. मोठ्यांच्या बाबतीत हेच प्रमाण सात टक्के होतं.

साठ टक्के. म्हणजे आपण ज्याच्यासाठी पासवर्ड बदलतो तो कुठला तरी अनोळखी, दूरदेशी बसलेला माणूस बहुतेक वेळा दोषी नसतोच. दोषी असतो तो फाइल कुठल्या कपाटात आहे हे माहीत असलेला माणूस. काका, मावशीचा नवरा, आईचा जोडीदार, मोठा भाऊ, आणि कधी कधी आई किंवा बाप. कुंपणच शेत खातं.

याची सुरुवात कशी होत असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विजेचं बिल थकलेलं, कनेक्शन तुटलेलं. आईच्या नावावर नवं कनेक्शन मिळत नाही, कारण तिची पत केव्हाच गेलेली. घरात दोन मुलं आणि अंधार. मग तिला आठवतं की घरात एक नाव असं आहे ज्यावर काहीच थकबाकी नाही. ती फॉर्मवर मुलाचं नाव लिहिते. पुढच्या महिन्यात फेडून टाकीन, त्याला कळायच्या आत सगळं सरळ करीन. ही आई मला राक्षस वाटत नाही. तिच्या अडचणीची मला खरोखर कणव येते. पण विजेनंतर फोन येतो, फोननंतर कार्ड, आणि पुढचा महिना कधीच पुढचा महिना राहत नाही. मूल अठराचं होऊन पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभं राहायला निघतं तेव्हा दारातच त्याला अडवलं जातं. शिक्षणाचं कर्ज नाकारलं जातं, घरमालक नको म्हणतो.

त्यानंतर जे घडतं ते चोरीपेक्षा क्रूर आहे. नाव धुऊन काढायचं तर चोरी झाली अशी तक्रार नोंदवावी लागते आणि पोलिसांत जावं लागतं. कुणी केलं, असं विचारतात. एकोणीस वर्षांच्या मुलाने उत्तर द्यायचं, माझ्या आईने. नाहीतर गप्प राहून, आपण न घेतलेलं कर्ज वर्षानुवर्षं फेडत बसायचं. दोन्ही वाटा त्याच्या आईनेच त्याच्यापुढे ठेवलेल्या असतात.

अ‍ॅक्सटन बेट्झ-हॅमिल्टन यांची कहाणी वाचल्यापासून मी ती मनातून काढू शकलेले नाही. त्यांनी ती स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात त्या वाढल्या. १९९३ साली, त्या अकरा वर्षांच्या असताना, घरातल्यांची ओळख चोरीला गेली. पत्रं गायब होऊ लागली, बिलं येईनाशी झाली. चोर कोण? घर शेजाऱ्यांवर, नातेवाइकांवर, मित्रांवर संशय घेऊ लागलं आणि हळूहळू एकटं पडत गेलं. पुढे कॉलेजमध्ये असताना खोली भाड्याने घेतली, वीज घ्यायला गेल्या, तर पत खराब म्हणून अनामत मागितली. क्रेडिट रिपोर्ट मागवला तर तो दहा पानांचा निघाला आणि पतगुणांक अगदी तळाचा, ३८०. त्या गेल्या असत्या कोलमडून, पण त्यांनी तोच अभ्यासाचा विषय केला. त्या ओळखचोरीच्या संशोधक झाल्या, विद्यापीठात शिकवू लागल्या. २०१३ मध्ये त्यांची आई वारली. पंधरवड्याने वडिलांना आईच्या कागदपत्रांत लेकीच्या नावाच्या कार्डाचा जुना हिशेब सापडला. चोर आई होती. वीस वर्षं जिच्याबरोबर बसून त्या चोराचा माग काढत होत्या, ती.

त्या अकरा वर्षांच्या मुलीकडून पैशांपेक्षा मोठं काही तरी गेलं असं मला वाटतं. तिला शिकवलं गेलं की बाहेरच्या कुणावर विश्वास ठेवायचा नाही, आणि विश्वास ठेवू नये असा माणूस जेवणाच्या टेबलाशी तिच्या समोर बसलेला होता. पतगुणांक काही वर्षांत सुधारतो. हे कशाने सुधारायचं?

अनाथालयांत आणि सरकारने सांभाळायला दिलेल्या दुसऱ्या कुटुंबांत वाढणाऱ्या मुलांचं तर विचारायलाच नको. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना त्यांच्याबरोबर कपड्यांची पिशवी जाते आणि कागदांची फाइल जाते. ती फाइल किती हातांतून गेली याचा हिशेब कुणाकडे नसतो. अमेरिकेने २०११ साली कायदा केला की अशा सोळा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचा क्रेडिट रिपोर्ट दर वर्षी काढून त्याला द्यायचा, काही गडबड असेल तर निस्तरायला मदत करायची. २०१४ मध्ये ही वयोमर्यादा चौदावर आणली. मला हा कायदा फार आवडतो, कारण त्यात मुलाने काही सिद्ध करायचं नसतं. आधी मोठ्यांनी जाऊन बघायचं.

चोर घरात नसेल तेव्हा गळती कुठून होते? ज्यांनी आपल्याकडून माहिती मागून घेतली त्यांच्याकडून. व्हीटेक ही हाँगकाँगची कंपनी मुलांची इलेक्ट्रॉनिक खेळणी बनवते. २०१५ च्या नोव्हेंबरात तिच्या यंत्रणेत कुणी तरी शिरलं आणि जगभरच्या सुमारे ६४ लाख मुलांची माहिती उघडी पडली. त्यात नावं होती, जन्मतारखा होत्या, मुलांचे फोटोही होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेबरोबरच्या तडजोडीत कंपनीने ६,५०,००० डॉलर दंड भरला. ६४ लाखांनी भागून बघा, एका मुलामागे जेमतेम दहा सेंट पडतात. शाळांच्या नोंदी सांभाळणाऱ्या पॉवरस्कूल कंपनीचं २०२४ च्या डिसेंबरात तेच झालं. कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या नोंदी गेल्या, काहींच्या सोशल सिक्युरिटी नंबरांसकट आणि आजारपणाच्या माहितीसकट. हे करणारा एकोणीस वर्षांचा कॉलेजातला मुलगा होता. आत शिरायला त्याला चोरलेलं एक लॉगिन पुरलं. माहिती नष्ट होईल या भरवशावर कंपनीने खंडणी दिली, आणि काही महिन्यांतच शाळांना त्याच माहितीवरून पुन्हा धमक्या येऊ लागल्या. चोराने डिलीट केल्याचं सांगितलं, यावर भरवसा ठेवण्याची वेळ कुठल्या पालकावर येऊ नये.

म्हणून मी आता फॉर्मवरचा ओळख क्रमांकाचा रकाना आधी रिकामा सोडते. एकदा काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला.

"ताई, हा नंबर राहिलाय."

"हा कशासाठी लागतो?"

"सगळेच भरतात."

"नाही भरला तर प्रवेश अडेल का?"

त्या थांबल्या, आत जाऊन विचारून आल्या. "नाही, अडणार नाही. पण तो रकाना पहिल्यापासूनच आहे." बोलताना त्यांनाही नवल वाटत होतं हे दिसत होतं. त्यांचा दोष नव्हताच. कुणी तरी कधी तरी रकाना आखला आणि तो का आखला हे विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून मी तीन गोष्टी विचारते. हे कशासाठी लागतं, कुणाच्या हाती राहणार, आणि काम संपल्यावर याचं काय करणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी कुणाकडेच नसतं. काहींना मी भांडखोर वाटत असेन. वाटू दे. माझा स्वतःचा नंबर असता तर कदाचित सोडूनही दिलं असतं. पण हे नाव माझं नाही. ते माझ्याकडे काही वर्षांसाठी सांभाळायला आहे आणि ते दुसऱ्याला वाटून टाकण्याचा अधिकार मला नाही.

हा अधिकार सर्वांत सहज आपण विसरतो तो आनंदाच्या भरात. बाळ झालं की फोटो टाकतो. खाली पूर्ण नाव, जन्माची तारीख आणि वेळ, वजन, गावाचं नाव, हॉस्पिटलचं नाव. आत्या टिप्पणी करते, अगदी आजोबांवर गेलाय, आणि आजोबांचं नाव-आडनावही लिहिते. बँकांनी वर्षानुवर्षं सुरक्षेसाठी काय विचारलं? आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, पहिली शाळा, पाळलेल्या कुत्र्याचं नाव. या सगळ्यांची उत्तरं मूल बोलायला लागायच्या आत आपण लिहून टाकलेली असतात. इंग्लंडच्या चिल्ड्रन्स कमिशनरच्या, म्हणजे मुलांच्या हक्कांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, २०१८ च्या अहवालात म्हटलं आहे की मूल तेरा वर्षांचं होईतो त्याचे आईवडील त्याचे सरासरी १,३०० फोटो आणि व्हिडिओ टाकतात. त्याच वर्षी बार्कलेज बँकेने अंदाज वर्तवला की २०३० पर्यंत तरुणांवरच्या ओळखफसवणुकीतला दोन तृतीयांश वाटा पालकांनी टाकलेल्या अशा माहितीतून येईल. अंदाज खरा ठरेल की नाही ते काळ सांगेल. पण एखाद्या बँकेला हे सुचावं यातच बरंच काही आलं.

फोटो टाकूच नयेत असं मी म्हणणार नाही. लांब राहणाऱ्या आजीला नातवाचं रांगणं बघायला मिळावं यात वाईट काय? आजीला पाठवायचं तर आजीला पाठवावं. वाढदिवसाचा फोटो वाढदिवसाच्याच दिवशी, केकवरच्या आकड्यासकट, सगळ्या जगासाठी टाकला की तारीख आणि वर्ष दोन्ही हातात दिलं जातं. शाळेचा गणवेश, त्यावरचं बोधचिन्ह, छातीवरची नावाची पट्टी, हेही तसंच. फ्रान्सने २०२४ च्या फेब्रुवारीत कायदा करून आईवडिलांना स्पष्ट सांगितलं की मुलाच्या प्रतिमेचं रक्षण ही दोघांची मिळून जबाबदारी आहे, आणि मुलाचं वय आणि समज बघून त्यालाही त्या निर्णयात घ्यायला हवं.

माझ्या मुलीने याबद्दल मला एकदा विचारलं होतं. शाळेच्या नाटकातला तिचा फोटो मी फोनवर बघत होते.

"आई, हा कुणाला पाठवणार?"

"मावशीला. पाठवू ना?"

"मावशीला चालेल. पण मावशी पुढे पाठवते."

मावशी पुढे पाठवते, हे तिने कधी टिपलं होतं कुणास ठाऊक. मी बहिणीला फोन केला आणि तिला सांगितलं, पुढे पाठवू नकोस. बहीण थोडी दुखावली, मग म्हणाली, बरं बाई, विचारत जाईन. मुलांना यातलं काही कळत नाही असं मानायची आपल्याला सवय आहे. कोणाला काय सांगायचं आणि काय नाही, याची त्यांची समज बऱ्याचदा आपल्यापेक्षा चोख असते. तिला मी घाबरवत नाही. एवढंच सांगितलं आहे की जन्मतारीख, पत्ता आणि नंबर ऑनलाइन खेळातल्या कुणालाही द्यायचे नाहीत, आणि चुकून दिले गेले तर त्याच दिवशी मला सांगायचं, मी रागावणार नाही. या शेवटच्या वाक्यावर मी सर्वांत जास्त जोर देते. राग येईल या भीतीने मूल दोन महिने गप्प बसलं तर ते दोन महिने चोराचे.

लक्षणं ओळखायला फार हुशारी लागत नाही, टपाल न वाचता फेकायची सवय तेवढी मोडावी लागते. सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने क्रेडिट कार्डाची ऑफर आली की आपण हसतो आणि कागद फाडतो. हसू नये. आयकर खात्याचं पत्र, वसुलीवाल्याचा फोन, एखाद्या सवलतीसाठी अर्ज केल्यावर हा नंबर आधीच वापरात आहे असं उत्तर, यांतलं काहीही आलं तर त्याच दिवशी चौकशी करावी. जिथे क्रेडिट ब्युरो आहेत तिथे मुलाच्या नावाची फाइल आहे का, हे लेखी विचारता येतं. फाइल नाही असं उत्तर आलं तर ते चांगलं उत्तर. आणि मूल सोळाचं झालं की एकदा तपासावंच, अठरा नव्हे. काही सापडलं तर ते निस्तरायला मधली दोन वर्षं हाताशी राहतात. अठराव्या वर्षी सापडलं तर प्रवेशाच्या आणि कर्जाच्या तारखा थांबत नाहीत.

अमेरिकेत एका नव्या कायद्यामुळे २१ सप्टेंबर २०१८ पासून सोळा वर्षांखालच्या मुलाची फाइल पालकांना फुकट गोठवून घेता येते. फाइल नसेल तर ब्युरो ती तयार करून लगेच गोठवतो, म्हणजे त्या नंबरावर नवं कर्ज मिळत नाही. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन अशा तिन्ही ठिकाणी वेगवेगळा अर्ज, बरोबर मुलाचा जन्मदाखला, पालकाचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा. किचकट आहे, पण एकदाच करायचं असतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी या आठवड्यातच करावं.

तरी या सोयीतलं एक टोक मला खुपत राहतं. ज्या मुलाचा पालकच त्याचं नाव वापरतो आहे, त्याच्यासाठी हे तीन अर्ज कोण करणार? ज्याला पालकच नाही त्याच्यासाठी कोण? सगळी व्यवस्था असं धरून चालते की प्रत्येक मुलामागे एक सावध, वेळ असलेला, कागद वाचणारा आणि प्रामाणिक मोठा माणूस उभा आहे. तसा माणूस ज्याच्यामागे आहे त्या मुलाला धोका तसाही कमीच. नंबर आधी उघडा ठेवणं आणि मग पालकांनी जाऊन बंद करणं, हा क्रमच उलटा हवा. प्रत्येक मुलाचा नंबर अठरा वर्षं पूर्ण होईतो कर्जासाठी बंदच असावा, आणि खरी गरज असेल तिथे तो उघडायला पुरावा लागावा.

हे अशक्य आहे असं कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. जन्मतारीख सरकारकडे आहेच. २०१८ च्या त्याच कायद्याने सोशल सिक्युरिटी खात्याला अशी यंत्रणा उभारायला लावली की कर्ज देणाऱ्याने, अर्जदाराच्या संमतीने, नाव, नंबर आणि जन्मतारीख पाठवायची आणि तिन्ही जुळतात की नाही याचं उत्तर संगणकावरच मिळवायचं. २०२० पासून ती चालू आहे. तीस वर्षांचा म्हणून आलेला अर्जदार प्रत्यक्षात दुसरीतल्या मुलाचा नंबर घेऊन आला आहे हे तिथे तिथल्या तिथे कळतं. पण ती वापरायची की नाही हे ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर आहे. आईवडिलांकडून तीन अर्ज आणि डझनभर कागद मागणाऱ्यांनी कर्ज देण्याआधी ही एक विचारणा न चुकता करावी, आणि न विचारता दिलेलं कर्ज बुडालं तर ते त्यांचंच बुडावं. मुलाकडे त्याची मागणी करायला कुणी येऊ नये, आणि आपल्या आईचं नाव पोलिसांना सांगायची पाळी तर त्याच्यावर मुळीच येऊ नये.